उलाळ गाडी आणि घरातल्या नव्या मूर्ती

पाथर्डी तालुक्यातल्या एखाद्या लहान ख्रिस्ती मंडळीची रविवारची उपासना. पत्र्याची शेड, समोरच्या भिंतीवर लाकडी क्रूस, पुढे सतरंजीवर मुले, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. पाळक म्हणतात, "आपण प्रार्थना करू या." सगळ्यांचे डोळे मिटतात. अर्धे मिनिट जाते न जाते तोच कुणाचा तरी हात खिशाकडे जातो. फोन वाजलेला नसतो, थरथरलेलाही नसतो. अंगठा पडद्यावरून फिरतो, काहीच आलेले नाही हे दिसते आणि फोन परत खिशात जातो. पुढच्या मिनिटाला पुन्हा तोच हात, तोच खिसा.

हा माणूस ढोंगी नाही. तो मनापासून प्रार्थनेला आला आहे. त्याच्या घराने मूर्तिपूजा सोडून तीन-चार पिढ्या उलटल्या. तरी नव्या करारातल्या योहानाच्या पहिल्या पत्राचा शेवट त्याला उद्देशून लिहिल्यासारखा वाटतो. पाच अध्यायांचे ते पत्र प्रकाशाविषयी बोलते, बंधुप्रेमाविषयी बोलते, ख्रिस्ताविषयी बोलते. मूर्तींचे नावही कुठे येत नाही. आणि अगदी शेवटच्या ओळीत, निरोप घेता घेता, योहान आपल्या लेकरांना मूर्तींपासून स्वतःला जपायला सांगतो. ही लेकरे म्हणजे विश्वास ठेवलेली माणसे. ज्यांनी देव ओळखला आहे, त्यांनाच हे बजावायची गरज का पडावी?

पाथर्डीच्या आसपास मढीचे कानिफनाथ आहेत, मोहट्याची देवी आहे, वृद्धेश्वर आहे. तिथे श्रद्धेने जाणाऱ्या शेजाऱ्यांविषयी हा लेख नाही. बायबलमधले संदेष्टेही मूर्तींविषयी सर्वांत कडक बोलले ते आपल्याच लोकांशी. प्रश्न ख्रिस्ती माणसाच्या स्वतःच्या घराचा आहे: जिथे मूर्ती नाही, तिथे मूर्ती येते कशी, टिकते कशी आणि जाते कशी?

एक ओंडका, दोन कामे

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ४४व्या अध्यायात, एका सुताराचे वर्णन आहे. तो रानातून झाड तोडून आणतो. त्याच लाकडाचा काही भाग चुलीत जातो. तो त्यावर शेकतो, भाकर भाजतो, मांस शिजवतो. उरलेल्या भागाचा तो देव घडवतो आणि त्याच्यापुढे पडून म्हणतो की मला वाचव.

या चित्राकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. लाकडात काहीच वाईट नाही. चुलीत घातलेले लाकूड आपले काम चोख करते. सुतार चुकतो ते उरलेल्या अर्ध्याकडे तारण मागताना.

आजचा ओंडका म्हणजे पगार, शेती, मुलीचे दहावीचे गुण, गावातली पत, हातातला फोन. या सगळ्या चुलीतल्या लाकडासारख्या उपयोगी वस्तू आहेत. फोनमुळे पुण्यात शिकणाऱ्या मुलाचा आवाज रोज कानी पडतो. पैशाने आईचे डोळ्याचे ऑपरेशन होते. एखाद्या दिवशी माणूस त्याच वस्तूला नकळत दुसरे काम देतो: मी कोण आहे ते तू सांग, मला सुरक्षित ठेव, माझ्या जगण्याला अर्थ दे. तिथे मूर्ती घडते. सोनार लागत नाही, पाथरवट लागत नाही.

मार्टिन ल्यूथरने १५२९ साली साध्या माणसांच्या शिकवणीसाठी जी मोठी प्रश्नोत्तरावली लिहिली, तिच्यात पहिल्या आज्ञेचा अर्थ सांगताना त्याने हीच कसोटी लावली. माणसाचे मन ज्यावर टेकते, ज्यावर भार टाकून निवांत होते, तोच त्याचा खरा देव. म्हणजे देव्हारा शोधायचा तर भिंतीतला कोनाडा बघून भागत नाही. मनाचा भार कुठल्या खुंटीवर टांगला आहे ते बघावे लागते.

नगर जिल्ह्यात प्रोटेस्टंटांइतकेच कॅथलिक कुटुंबांचेही मोठे जाळे आहे, आणि हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला दरवर्षी अलोट गर्दी लोटते. तेव्हा मूर्तीचा विषय निघाला की दोन्हीकडची माणसे एकमेकांकडे बोट दाखवू लागतात. सन ७८७ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मसभेने प्रतिमेला दिलेला मान आणि केवळ देवालाच द्यायची उपासना यांत फरक केला होता. तो वाद जुना आहे. इथे सांगितलेली मूर्ती मात्र चर्चच्या कोणत्याही बाजूला बसलेल्या माणसाच्या खिशात सापडू शकते.

गाडी उलाळ का होते

उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन (इ. स. ३५४ ते ४३०) याने या रोगाचे मूळ प्रेमाच्या क्रमात शोधले. माणूस वाईट वस्तूंवर प्रेम करतो म्हणून बिघडतो असे क्वचितच होते. बहुतेक वेळा तो चांगल्या वस्तूंवर प्रेम करतो, पण क्रम चुकवतो. जे दुसरे असायला हवे ते पहिले होते.

पाथर्डीत हे समजवायला पोथी लागत नाही, उसाची बैलगाडी पुरते. फडात मोळ्या भरणाऱ्याला ठाऊक असते की गाडी दोन चाकांची, सगळा तोल आखावर. ओझे आखाच्या मागे गेले की मागची बाजू खाली बसते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या मानेवरून निघू पाहते. याला गाडी उलाळ झाली म्हणतात. ओझे फार पुढे आले तर गाडी धुरजड होते, बैलांच्या माना दबतात. दोन्ही वेळा ऊस तोच, मोळ्या तेवढ्याच, बैलही तेच. एकही मोळी टाकून द्यायची नसते. मोळ्या उतरवून पुन्हा नीट रचायच्या असतात.

मुलांवरचे प्रेम ही मोळी आहे. त्यांच्या गुणांवर आईबापांनी आपली सगळी इभ्रत टाकली की गाडी उलाळ झाली. मग मुलाला पंचाहत्तर टक्के पडले तर घरात सुतक पडल्यासारखे होते. ज्या लेकराला देवाची देणगी म्हणून मांडीवर घेतले, त्याच्या डोक्यावर देवाचे ओझे येते. ते त्याला पेलवत नाही आणि आईबापांनाही समाधान मिळत नाही. नव्या मूर्तींचे हे पहिले लक्षण: त्या भक्ताला थकवतात आणि ज्यांची मूर्ती केली त्यांनाही चिरडतात.

चाळीस दिवसांची वाट

मूर्ती आत येते ती कोणत्या दारातून? निर्गमच्या ३२व्या अध्यायातली सोन्याच्या वासराची गोष्ट संडे स्कूलच्या प्रत्येक मुलाला पाठ असते. पण ती बहुधा "लोक बिघडले, देव रागावला" एवढ्यावर आटोपते. तिच्यातले बारकावे मोलाचे आहेत.

मोशे सीनाय डोंगरावर गेला आणि चाळीस दिवस परतला नाही. खाली रानात लाखो माणसे, आजूबाजूला वाळवंट, पुढारी बेपत्ता. लोकांना पाप करायची हुक्की आली असे तिथे लिहिलेले नाही. मोशेचे काय झाले कळत नाही, असे ते म्हणतात. त्यांना भीती वाटली आणि वाट बघवेना. मग त्यांनी कानातली सोन्याची कुंडले काढून दिली. हे सोने त्यांना मिसरमधून निघताना मिळाले होते. म्हणजे सुटकेची खूण होती. त्याच खुणेचे वासरू झाले.

आणखी एक तपशील सहसा निसटतो. वासरू उभे राहिल्यावर मोशेचा भाऊ अहरोन जाहीर करतो की उद्या परमेश्वराचा सण आहे. त्याने नाव बदलले नाही. लोकांना नवा देव नको होता. जुनाच देव हवा होता, पण दिसणारा, हाताशी असणारा, आपल्या वेळेवर चालणारा. मूर्ती देवाविरुद्ध बंडाचा झेंडा घेऊन येत नाही. ती देवाचेच नाव लावून येते.

म्हणून मंडळीतल्या मूर्ती ओळखायला सर्वांत अवघड जातात. आशीर्वादाच्या तेलाची बाटली ठरावीक दानाला मिळते, "बी पेरा" म्हणजे शंभरपट पैसा येईल असे मंचावरून सांगितले जाते, प्रवचनाच्या थेट प्रक्षेपणात वचनापेक्षा किती जण बघत आहेत या आकड्याकडे लक्ष जाते. शब्द सगळे बायबलमधले असतात, येशूचे नाव दर वाक्याला असते. पण वाट पाहणे मात्र गाळलेले असते. आजारी मुलाच्या आईला वाट पाहवत नाही, यात तिचा दोष नाही. तिच्या भीतीवर दुकान मांडणाऱ्याचा दोष आहे, आणि तो गंभीर आहे.

बाजारातून येणारी पिशवी

आता प्रार्थनेतल्या त्या हाताकडे परत येऊ. मन एखाद्या वस्तूवर टेकते ते एका दिवसात नाही. सवय त्याला तिथवर नेते, आणि सवय कशी घडते याचा मागोवा विज्ञानाने बराच घेतला आहे.

आठवडे बाजाराच्या दिवशी वडील मुलासाठी खाऊ आणतात. पहिल्यांदा मुलाला आनंद होतो तो शेव-रेवडी तोंडात गेल्यावर. चार बाजार झाले की वडिलांच्या मोटारसायकलचा आवाज वळणावर ऐकू आला तरी तो उड्या मारतो. खाऊ अजून पिशवीत आहे, आनंद मात्र आधीच येऊन पोहोचला. आणि एखाद्या बाजारी पिशवी रिकामी निघाली तर त्याचा चेहरा नेहमीपेक्षाही उतरतो.

स्वित्झर्लंडमध्ये वुल्फ्रॅम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात माकडांच्या मेंदूत नेमके हेच मोजले. मेंदूतल्या काही पेशी डोपामिन नावाचे रसायन सोडतात. हे रसायन "इकडे लक्ष दे, हे पुन्हा कर" असा निरोप पोहोचवते. माकडाला रसाचा थेंब मिळाला की सुरुवातीला त्या पेशी जाग्या होत. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या दिव्यालाच जाग्या होऊ लागल्या आणि रस मिळताना शांत राहिल्या. दिवा लागून रस आला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षा खाली गेली. म्हणजे ही यंत्रणा सुखाची मोजदाद ठेवत नाही. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाची ठेवते.

आता वडिलांनी कधी खाऊ आणला, कधी नाही, असे सुरू केले तर? मूल मोटारसायकलच्या प्रत्येक आवाजाला दाराशी धावते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर याने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. दाणा बेभरवशी मिळू लागला की कबूतर खटक्यावर न थकता चोच मारत राहते, आणि दाणा बंद झाल्यावरही फार काळ थांबत नाही. दुष्काळी पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे बोअरवेलवरून कळेल. तीन बोअर कोरडे गेले, चौथ्याला पाणी लागले, तर पाचव्यासाठी कर्ज काढायला मन लगेच तयार होते. तिन्ही कोरडे बोअर विस्मरणात जातात, एक ओला डोक्यात राहतो.

फोनवरची बरीच ॲप याच खटक्यावर बांधलेली आहेत. खाली सरकवत राहिले तरी पान संपू नये ही युक्ती एझा रास्किन या आरेखकाने २००६ मध्ये काढली; पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. फेसबुकचे "लाइक"चे बटण फेब्रुवारी २००९ मध्ये आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि हा खटका वाडी-वस्तीवर पोहोचला. आता स्टेटस टाकले की किती जणांनी पाहिले ते बघणे आले. कधी चाळीस, कधी चार. हा "कधी" हात खिशाकडे नेतो.

एवढ्याने फोनची मूर्ती झाली असे म्हणता येणार नाही; सवय वेगळी, उपासना वेगळी. पण सवय जिथे रोज शंभर वेळा नेते, तिथे मन हळूहळू टेकू लागते. मूर्ती घडवणारे आणि तिच्यावर भरवसा ठेवणारे तिच्यासारखेच होतात, असे स्तोत्रसंहितेतले ११५वे स्तोत्र सांगते. डोळे असून न पाहणारे, कान असून न ऐकणारे. समोर म्हातारी आई बोलत असते आणि मुलगा "हं, हं" करत पडदा सरकवत असतो, तेव्हा त्या स्तोत्राचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

> चौकट : मूर्ती ओळखायची कशी?
> गुन्ह्यांची यादी करून मूर्ती सापडत नाही. चार साध्या प्रश्नांनी सापडते. रात्री झोप लागत नसताना मन आपोआप कुठे जाते? कोणती गोष्ट गेली तर "आता जगून काय उपयोग" असे वाटेल? कशासाठी खोटे बोलायला जीभ कचरत नाही? आणि कशासाठी आपण दुसऱ्याचा बळी देतो: त्याची झोप, त्याचे बालपण, त्याची तब्येत? चारही उत्तरे एकाच नावाकडे बोट दाखवू लागली की समजावे, देव्हारा सापडला.

उचल, खाडा आणि सातवा दिवस

पाथर्डी हा ऊसतोड कामगारांचा तालुका. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या भरतात, गावे ओस पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला "एक कोयता" म्हणतात. माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने होते. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हंगामभर तोडलेल्या उसातून ती फेडायची. न फिटलेली बाकी पुढच्या वर्षावर चढते, आणि बाकी आहे म्हणून पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. नाताळ बहुतेक वेळा फडावर, तात्पुरत्या झोपडीत म्हणजे कोपीतच साजरा होतो.

येशूने डोंगरावरच्या प्रवचनात पैशाचा उल्लेख केला तेव्हा "मामोन" हा अरामी शब्द वापरला. शुभवर्तमाने ग्रीक भाषेत लिहिली गेली तरी लेखकांनी तो शब्द तसाच ठेवला, जणू एखाद्या धन्याचे नाव. मराठी बायबलमध्ये तिथे "धन" आले आहे. देव आणि मामोन अशा दोन धन्यांची चाकरी होत नाही असे तो सांगतो, आणि मूळ ग्रीक क्रियापद गुलामाच्या चाकरीचे आहे. पैसा हे साधन राहत नाही, धनी होतो, याची यंत्रणा उचलीत उघडी दिसते: उद्याची भाकर आज घेतली की उद्याचा दिवस आपला राहत नाही.

याच्या अगदी उलट बायबलमधला मान्ना. निर्गमच्या १६व्या अध्यायात रानात रोज सकाळी अन्न पडते. ज्याचे त्याने त्या दिवसापुरते गोळा करायचे. साठवून ठेवले तर त्यात किडे पडतात. अपवाद एकच: सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचे, आणि ते मात्र सातव्या दिवशी नासत नाही. मिसरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या विटा पाडलेल्या लोकांना सुटकेनंतर दिलेला हा पहिला धडा होता. पुढे अनुवादच्या ५व्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा येते तेव्हा तिचे कारण स्पष्ट दिले आहे: तू मिसरमध्ये दास होतास हे आठव. दासाला सुटीचा दिवस नसतो. ज्याला थांबता येते, तो मोकळा. म्हणून आपला धनी कोण हे तपासायची सोपी जागा म्हणजे आठवड्यातला एक दिवस. कामाविना, कमाईविना, स्टेटसविना तो पार पडतो का?

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. ज्याला खाड्याच्या भीतीने रविवारी कोयता उचलावा लागतो, त्याला मंचावरून "तू धनाची मूर्ती पूजतोस" असे सुनावणे अन्याय आहे. पोटाची भूक ही मूर्ती नव्हे. मूर्ती शोधायची तर ती त्या व्यवस्थेत शोधावी, जिला माणसाचे शरीर बळी म्हणून चालते. शेजारच्या बीड जिल्ह्यात, पाळीमुळे खाडा पडू नये म्हणून ऊसतोड महिलांची गर्भाशये काढली जात असल्याच्या बातम्यांनी २०१९ मध्ये महाराष्ट्र हादरला. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. जुन्या करारात मोलख नावाच्या दैवताला लोक आपली लेकरे वाहत, असे वाचून अंगावर काटा येतो. साखरेच्या पोत्यामागचा हा आकडा त्याहून फार दूर नाही.

मात्र उचलीचा सगळाच पैसा भुकेपायी जातो असेही नाही. हळदीचा डीजे, लग्नातला ड्रोन, पाहुण्यांनी नाव काढावे म्हणून वाढवलेल्या पंगती, आणि ख्रिस्ती घरांतही अजून न गेलेली देण्याघेण्याची बोलणी. इथे पत ही मूर्ती होते. दोन तासांच्या मिरवणुकीसाठी दोन हंगाम गहाण पडतात. यावर मंडळीत उघड बोलायला हवे, आणि बोलण्याची सुरुवात ज्यांची ऐपत आहे त्यांनी आपल्या मुलीच्या लग्नापासून करायला हवी.

झाडून रिकामे ठेवलेले घर

फोन बंद केला, उधळपट्टी थांबवली, म्हणजे काम झाले का? येशूने सांगितलेल्या एका दाखल्यात अशुद्ध आत्मा माणसातून निघून जातो, भटकतो आणि परत येऊन बघतो तर घर झाडलेले, सजवलेले, पण रिकामे. मग तो आपल्यापेक्षा वाईट असे आणखी सात सोबत आणतो. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्हच्या प्रयोगांतल्या कुत्र्यांतही काहीसे असेच दिसले: घंटेनंतर अन्न मिळते हे शिकलेल्या कुत्र्याला ते देणे बंद केले की त्याची लाळ गळायची थांबे, पण थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा घंटा वाजवली की ती परत येई. जुनी सवय पुसली जात नाही, दबून बसते. जागा रिकामी राहिली की वर येते. स्कॉटलंडचा धर्मोपदेशक थॉमस चामर्स याने एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या गाजलेल्या प्रवचनात हेच मांडले होते: एका प्रेमाला हाकलायची ताकद त्याहून मोठ्या प्रेमातच असते.

नगर जिल्ह्याच्या ख्रिस्ती इतिहासात याचा जिवंत दाखला आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले. तिथूनच १८४२ मध्ये "ज्ञानोदय" हे नियतकालिक निघू लागले. नवख्रिस्ती माणसांनी जुनी उपासना सोडली खरी, पण रिकाम्या जागी आली ती बहुधा परक्या चालींवर बसवलेली गीते. ओठ गात, मन गात नसे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले ते या भूमीत. आणि त्यानंतर नारायण वामन टिळक आले.

१८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. पुढची दोन दशके त्यांचे घर मुख्यतः नगर जिल्ह्यात होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत. मराठी माणसाच्या जिभेवर अभंग बसलेला होता. टिळकांनी त्याच अभंगात ख्रिस्ताची भक्ती ओतली. त्यांची गीते आजही "उपासना संगीत" उघडून मंडळ्यांत गायली जातात. रिकाम्या घरात त्यांनी आपल्या ओळखीचे, ऊबदार बिऱ्हाड आणून बसवले.

पण त्यांना आणखी एक मूर्ती दिसू लागली होती, आणि ती मिशनच्या आवारात होती. पगार मिशनचा, शाळा मिशनची, अडचणीत धाव मिशनकडे. देवावरचा भार हळूहळू साहेबावर टेकत होता. ज्या हातांनी भले केले, त्याच हातांची मूर्ती होत होती. पुन्हा चांगल्याच वस्तूची. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, सातारा येथे "देवाचा दरबार" सुरू केला आणि उरलेले आयुष्य त्यात घातले. ९ मे १९१९ रोजी ते गेले.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट वेगळी आणि कदाचित जास्त कठीण. नवऱ्याने धर्म बदलल्यावर काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी त्यांचे सोवळे, वेगळे पाणी, वेगळा स्वयंपाक सुरूच होता. "स्मृतिचित्रे" या आत्मचरित्रात त्यांनी हे लपवलेले नाही. जात आणि विटाळ ही त्यांच्या मनाची खुंटी होती, आणि ती एका फटक्यात निघाली नाही. आधी कुणाच्या हातचे पाणी, मग कुणाच्या ताटातला घास, मग दुष्काळातल्या अनाथ मुलांना पोटाशी धरणे. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा सोवळे आधीच गळून पडले होते. माया आत आली, म्हणून विटाळाला जागा उरली नाही.

ती माया आजही मंडळीला शिकावी लागते, कारण बाप्तिस्म्याने जात गेली असे इथल्या सगळ्या मंडळ्यांना छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. कुणाच्या मुलीचे स्थळ कुणाला चालत नाही, हे लग्न जमवताना कळतेच.

चाळीस दिवस पुन्हा

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस मोजले तर ते शेहेचाळीस भरतात. मधले सहा रविवार वगळायचे, कारण रविवार पुनरुत्थानाचा. मग उरतात उपवासकाळाचे चाळीस. डोंगराखाली जे चाळीस दिवस लोकांना काढवले नाहीत, तेवढेच.

या काळात मांसाहार सोडायची पद्धत पुष्कळ घरांत आहे. तिच्या जोडीला पाथर्डीच्या मंडळ्यांना आपल्या गावापुरते काही करता येईल. संध्याकाळी जेवणाआधी घरातले सगळे फोन एका डब्यात, आणि त्या वीस मिनिटांत घरगुती प्रार्थना व एखादे स्तोत्र मोठ्याने. मंडळीची एक बिनव्याजी भिशी, जी आजारपणाला आणि शाळेच्या फीला आधी धावेल, म्हणजे एखाद्या कोयत्याची उचल तरी कमी होईल. गरिबाकडून व्याज घेऊ नये ही निर्गमातली आज्ञा त्यासाठी पुरेशी आहे. आणि ऐपतदारांच्या घरचे एक तरी लग्न डीजेविना, भजनी मंडळाच्या टाळ-मृदंगावर.

हा काळ उसाचा हंगाम उताराला लागण्याचा असतो. फडावरची कुटुंबे परतू लागतात, मुकादम वही उघडतो, फिटली किती आणि राहिली किती याचा हिशेब होतो. पुढच्या हंगामाची उचल घ्यायला त्यानंतर फार दिवस राहत नाहीत. त्या आधीच, वही मिटायच्या आत, प्रत्येक मंडळीने परतलेल्या घरांत जाऊन बसावे आणि कुणाची किती बाकी आहे ते विचारावे.